रद्दी-पुठ्ठ्यातून दिवाळीचा किल्ला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या मुलांना घेऊन मी दरवर्षी दिवाळीत किल्ला करते. आधी नुसता माती-विटांचा करायचो, आता बरीच वर्षं घरातलं टाकाऊ सामान वापरून करतोय. दसरा झाला की मेसेज सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवलीत. आई-बाबांनी वाचा आणि जमलं तर मुलांनाच वाचायला द्या.

बाजारात तयार किल्ला मिळतो की, मग एवढा खटाटोप कशाला?

मिळतो, रंगवलेला, मावळ्यांसकट मिळतो. पण तो आणला की मूल त्याच्याशी दोन दिवस खेळतं आणि बाजूला ठेवतं, त्याला एकही प्रश्न पडत नाही. स्वतः करायला बसलं ना की दर पाच मिनिटांनी अडतं, आणि अडलं की विचारतं. दरवाजा समोर का नाही, बुरूज गोल का, वर पाणी कुठनं येतं. माझ्या मते हे प्रश्न पडणं म्हणजेच इतिहास शिकणं, सनावळी नंतर आपोआप चिकटतात. आणि टाकाऊ सामान यासाठी की पुठ्ठा चुकीचा कापला तरी कुणी ओरडत नाही, दुसरा घ्यायचा. विकत आणलेल्या वस्तूला मुलं भीत भीत हात लावतात.

सामान काय काय लागतं आणि कधीपासून जमवायचं?

गणपती उठले की एक मोठं खोकं कोपऱ्यात ठेवून द्या आणि घरात सगळ्यांना सांगा की यात टाकायचं, कचऱ्यात नाही. ऑनलाईन पार्सलची खोकी, चहाची आणि अगरबत्तीची पाकिटं, काड्यापेट्या, अंड्यांचे ट्रे, पेपरची रद्दी, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, बाटल्यांची झाकणं, संपलेली रिफिलं, आईस्क्रीमच्या काड्या, नारळाच्या शेंड्या, शेंगांची टरफलं, जुनं गोणपाट. कापडाच्या दुकानात थान गुंडाळलेले पुठ्ठ्याचे जाड नळे असतात, ते मागितले की लोक आनंदाने देतात, बुरुजासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. गोळ्या-औषधांची रिकामी पाकिटं पण ठेवा, त्यांचं काम पुढं सांगते. विकत म्हणाल तर फेविकॉल आणि थोडा रंग, बास.

कोणता किल्ला करावा?

जो मुलांनी पायाने चढलाय तो, एवढंच माझं म्हणणं. सातारकरांना तर खिडकी उघडली की अजिंक्यतारा दिसतो आणि तरी मुलं नेटवरचा कुठलातरी फोटो बघून किल्ला करतात, याचं मला फार वाईट वाटतं. एका रविवारी सकाळी वही-पेन्सिल घेऊन वर जा. दरवाजाच्या दोन्ही बाजूंचे बुरूज बघा, मंगळाईच्या देवळापाशी जा, तळी मोजा. मग दुसऱ्या दिवशी यवतेश्वरच्या घाटातनं तोच किल्ला लांबून बघा, म्हणजे त्याचा सपाट माथा आणि खालचे उभे कडे एकदम लक्षात येतात, आणि मूल आपोआप टोकदार डोंगर करायचं सोडून देतं.

आणि गोष्ट सांगायला हा किल्ला फार चांगला आहे. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६९९ च्या डिसेंबरमध्ये खुद्द औरंगजेब खाली छावणी टाकून बसला आणि तरी किल्ला हातात यायला १७०० चा एप्रिल उजाडला, म्हणजे चारेक महिने किल्लेदार प्रयागजी प्रभू आणि आतल्या लोकांनी तो झुंजवला. औरंगजेबाने नाव ठेवलं आझमतारा, मुलाच्या नावावरून. पुढे ताराबाईंच्या काळात मराठ्यांनी परत घेतला आणि अजिंक्यतारा हे नाव दिलं. १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांना इथं साताऱ्यातच राज्याभिषेक झाला. मुलांना एवढं सांगितलं की ती किल्ल्यापुढं पाटी लिहितात, "आमचं नाव कुणी बदलायचं नाही". ही पाटी आमच्या गल्लीत खरंच लागली होती.

प्रतापगड पण करा, जरूर करा. मोरोपंत पिंगळ्यांनी बांधून घेतलेला, १६५६ चा, आणि १० नोव्हेंबर १६५९ ची अफझलखानाची भेट त्याच्याच पायथ्याशी झाली. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, ११ आपल्या महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे. माची खाली आणि बालेकिल्ला वर असे दोन सरळ भाग असल्यामुळे दोन खोक्यांत छान बसतो. सांगलीकडच्यांनी मच्छिंद्रगड किंवा बाणूरगड करावा, बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे आणि हेरगिरी म्हटली की कुठलंही मूल कान टवकारतं.

किती वयाच्या मुलांना जमतं?

पाच वर्षांपासून पुढं सगळ्यांना. लहान मुलं कागद फाडतात, लगदा मळतात, अळीव पेरतात. कटर मात्र मोठ्यांच्याच हातात.

डोंगर कसा उभा करायचा? आमचा दरवेळी खचतो.

खचतो कारण खोकी रिकामी असतात. प्रत्येक खोक्यात पेपरचे बोळे ठासून भरा, चिकटपट्टीने बंद करा, मग मोठं खाली लहान वर असं रचा आणि सगळं मिळून सुतळीने आवळून बांधा. मधल्या फटीत परत बोळे. आता महत्त्वाचं, यावर थेट चिखल लावला तर पुठ्ठा पाणी पिऊन एका रात्रीत बसतो. म्हणून दुधाच्या पिशव्या कापून सपाट करायच्या आणि कौलं घालतो तशा खालून वर एकावर एक चिकटवत जायच्या, पाणी खाली घरंगळून गेलं पाहिजे. त्याच्यावर गोणपाट, आणि गोणपाट आधी पातळ चिखलात बुडवून काढलेलं. ओलं असतानाच दाबून दाबून घड्या पाडा, त्या घड्या वाळल्या की अगदी सह्याद्रीच्या कड्यासारख्या दिसतात.

तटबंदीसाठी कागदाचा लगदा कसा करायचा?

पेपरचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून रात्रभर गरम पाण्यात भिजत घाला. सकाळी हाताने कुस्करा, पाणी पिळून काढा. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात कालवून मंद गॅसवर खळ शिजवा, गार झाली की लगद्यात घाला, थोडा फेविकॉल आणि चमचाभर मीठ पण घाला, मिठाने बुरशी लवकर धरत नाही. भाकरीच्या पिठासारखं मळून आलं की झालं.

एकदम जाड थर देऊ नका, वरनं वाळतो आणि आतनं ओला राहून कुबट वास मारतो. दोन पातळ थर, मध्ये एक दिवस ऊन. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतं.

लगदा नको असेल तर अंड्यांचे ट्रे फाडा, कापू नका, फाडाच. त्या वेड्यावाकड्या तुकड्यांची कड खरबरीत येते आणि एकाला एक बसवत चिकटवले की घडीव दगडांची भिंत वाटते. मला स्वतःला हीच पद्धत जास्त आवडते.

माझा मुलगा बुरजावर टोकदार छत लावायचंच म्हणतोय, लावू द्यायचं का?

कार्टूनमधल्या राजवाड्यांचा परिणाम आहे तो, जवळपास प्रत्येक मूल एकदा तरी लावतं. नको म्हणून सांगू नका, त्याला विचारा की तोफ कुठं ठेवणार. आपल्या बुरुजाचा माथा मोकळा असतो कारण तिथं तोफ ठेवायची, ती फिरवायची, माणसांना उभं राहायला जागा पाहिजे. छत लावलं की सगळं संपलं. एवढं बोलणं झालं की छत तो स्वतःच काढतो.

बुरूज गोल का हे पण हातानेच कळतं. थानाचा नळा उभा ठेवा, शेजारी एक चौकोनी खोकं ठेवा आणि गोटी मारायला सांगा. खोक्याच्या सपाट बाजूवर गोटी थाडकन बसते, नळ्यावर मात्र बाजूला निसटते. मग मुलाला खोक्याच्या कोपऱ्याआड लपायला एक मावळा द्या, वरून दिसत नाही. नळ्याच्या आड असा कोपराच नाही. पाच मिनिटांचा खेळ आहे पण हे मुलं कधीच विसरत नाहीत, मोठी होऊन कॉलेजला गेलेली मुलं अजून मला गोटीची आठवण काढून दाखवतात.

भिंतीला भोकं पाडायची का?

पाडायचीच, त्यांना जंग्या म्हणतात. फक्त पेन्सिल सरळ खुपसू नका, आतनं बाहेर उतरती धरा. वाळल्यावर मुलाला आतल्या बाजूने एक डोळा लावायला सांगा. खालची जमीन दिसते, म्हणजे तटाला भिडलेला शत्रू दिसतो, आणि बाहेरच्याला मात्र आतला माणूस दिसत नाही. तटाच्या वरच्या कडेला पाकळीसारख्या चर्या लावा, चहाच्या पाकिटाचा पुठ्ठा त्याला बरोबर जाडीचा असतो, आणि चर्यांच्या मागे पहारेकऱ्याला चालायला बोटभर रुंद पट्टी सोडा, ती फांजी. ही पट्टी बहुतेक जण विसरतात आणि मग मावळे ठेवायला जागाच राहत नाही.

दरवाजा कसा करायचा?

दरवाजावर वेळ घालवा, किल्ल्याची सगळी गंमत तिथं आहे.

आधी जागा. मुलं दरवाजा समोर मध्यभागी करतात, आपल्या घराला असतो तसा. खऱ्या किल्ल्यात तो दोन बुरुजांच्या आड लपलेला असतो, वाट वळून वळून आत जाते, त्याला गोमुखी रचना म्हणतात. एक पट्टी हत्ती म्हणून घ्या आणि मुलाला ती पट्टी दरवाजावर आपटायला सांगा. सरळ वाट असेल तर लांबून धावत येऊन धडक देता येते, वळण असेल तर हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळत नाही, आणि वरनं दोन्ही बुरुजांवरून मारा चालू. हे कळलं की मूल दोन नळे असे चिकटवतं की मधला दरवाजा समोरून दिसतसुद्धा नाही.

मग फळ्या. आईस्क्रीमच्या काड्या शेजारी शेजारी चिकटवून दोन दारं करा, एका दारात खाली बोटाएवढी छोटी दिंडी कापा, रात्री मोठा दरवाजा बंद झाला की माणूस वाकून आत येतो ती. आता ती औषधांची पाकिटं काढा. गोळी काढून घेतल्यावर जो फुगीर भाग राहतो तो कापून दारावर उलटा चिकटवला, वरनं काळा रंग मारला, की दारावरचे लोखंडी सुळे तयार. हत्तीने कपाळाने धडक देऊ नये म्हणून ते असायचे. गेल्या वर्षी गल्लीतल्या एका मुलीने आजीच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं दोन महिने साठवली आणि एका दारावर चोवीस सुळे बसवले, सगळे एका रांगेत, पट्टी धरून. दिवाळीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती आधी तो दरवाजा दाखवायची.

पाणी कुठं दाखवायचं?

माथ्यावर, आणि पहिल्या दिवशीच जागा ठरवा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथातही, गड बांधायच्या आधी पाणी बघायला सांगितलंय. आईस्क्रीमचा डबा खोल बसवून कडेने लगदा लावा. टाकं खोदताना निघालेला दगड तटाला वापरायचे हे पण सांगा, मुलांना हा हिशोब फार आवडतो.

अजिंक्यताऱ्यावर टॉवर पण आहे, तो करायचा का?

एका मुलाने मला हे अगदी गंभीरपणे विचारलं होतं. करा की, रिफिलांचा मस्त होतो. फक्त मग मुलांनी ठरवायचं की आपला किल्ला आजचा आहे का १७०० सालचा. टॉवर असेल तर डांबरी रस्ता पण पाहिजे आणि औरंगजेबाची छावणी नको. आमच्याकडं यावरून दोन गट पडले आणि शेवटी दोन किल्ले झाले.

महाराजांची मूर्ती किल्ल्यापेक्षा मोठी दिसते, माप चुकलं का?

मावळे मापात ठेवा, तट मावळ्याच्या निदान दुप्पट उंच पाहिजे. महाराज मोठेच राहू देत. आपण लहानपणापासून तसेच ठेवत आलोय आणि कुठल्याही मुलाला ते चुकीचं वाटत नाही.

हिरवळ कधी पेरायची?

वसुबारसेला हिरवं दिसायला हवं असेल तर सात-आठ दिवस आधी. उतारावर अळीवच पेरा, कारण अळीव भिजला की बुळबुळीत होतो आणि जिथं टाकाल तिथं चिकटून बसतो, दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. मोहरी घरंगळून खाली जमा होते, ती सपाटीवर बरी. शेतासाठी गहू. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. जिथं पिशव्यांचा थर नाही तिथं काही पेरू नका, तिथं नारळाच्या शेंडीचे तुकडे किंवा सुताराकडचा भुसा हिरवा रंगवून टाका.

रंग कुठला द्यावा?

आपल्याकडचा दगड काळा, म्हणून तट काळपट करा, विटकरी नको. कोळशाची पूड खळीत कालवून फडक्याने थापली की छान दगडी रंग येतो. वर वापरलेली चहा पावडर वाळवून भुरभुरली की ओली माती वाटते. घरांच्या छपरासाठी, पार्सलच्या खोक्याचा वरचा कागद थोडा ओला करून सोला, आत लाटा लाटा निघतात, त्यावर गेरू फिरवला की कौलं झाली.

थर्माकोल चालेल का?

मुद्दाम विकत आणू नका. टीव्ही-फ्रिजबरोबर घरात आलेलाच पडून असेल तर आत भरायला वापरा. त्याच्यावर स्प्रे रंग मारू नका, वितळतो, आणि कापल्यावर जे दाणे उडतात ते गटारापर्यंत जातात.

किल्ल्यात पणत्या आणि फटाके लावले तर?

नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते. मातीच्या किल्ल्यात आपण लहानपणी लवंगी लावली असेल पण हा पुठ्ठ्याचा आणि काथ्याचा आहे, एका ठिणगीत पेटतो. पणत्या दोन हात लांब, रांगोळीच्या बाजूला ठेवा. आत उजेड पाहिजे तर जुनी लाईटची माळ सोडा.

मुलं ऐकत नसतील तर त्यांना सुरुंगाची गोष्ट सांगा. १७०० च्या वेढ्यात मोगलांनी मंगळाईच्या बुरुजाखाली सुरुंग पेरले, आणि त्यातला एक असा उलटला की उडालेला तट त्यांच्याच हल्ल्याला तयार उभ्या असलेल्या सैन्यावर कोसळला, शेकडो माणसं दबून मेली. मुलं एकदम गप्प होतात. मग आम्ही उडवायच्या ऐवजी पडलेला बुरूजच करतो, नळा तिरका कापायचा आणि शेंगांच्या टरफलांना काळा रंग देऊन खाली ढिगारा टाकायचा.

फ्लॅटमध्ये राहतो, एवढी जागा नाही. दुसरं काही सुचवाल?

बारा मोटांची विहीर करा! साताऱ्याहून पुण्याकडं जाताना लिंब गावात आहे, १७१९ ते १७२४ मध्ये वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली असं सांगतात. वरून शिवलिंगासारखा आकार, मुख्य विहीर अष्टकोनी, आणि एका वेळी बारा मोटा, म्हणजे बैलांनी पाणी वर ओढायच्या चामड्याच्या पिशव्या, चालतील अशी सोय. एकदा मुलांना घेऊन जा आणि पायऱ्या उतरून आत उभे राहा, भर उन्हात सुद्धा गार वाटतं.

करायला एक बिस्किटांचा उंच डबा आणि एक लांबट खोकं पुरतं, टेबलावर मावतं. डब्याच्या आतनं आठ पट्ट्या लावून अष्टकोन करा, खोक्यात पायऱ्या. खरी मजा मोटेत आहे, कारण आजकालच्या मुलांनी मोट बघितलेलीच नाही. सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा घ्या, एका तोंडाला तारेची रिंग, दुसरं तोंड अरुंद ठेवा, ती सोंड. रिंगला जाड दोरा बांधा तो नाडा, सोंडेला बारीक दोरा तो सोंदूर. दोऱ्याच्या रिकाम्या रिळाचं चाक करा, नाडा त्याच्यावरून घ्या, सोंदूर काठावरच्या खालच्या रुळावरून, तिथं रिफिलचा तुकडा चालतो. आता दोन्ही दोरे एकदम ओढले की मोट वर येते, सोंड आपोआप थारोळ्याकडं, म्हणजे पाणी पडायच्या कुंडाकडं, वळते आणि पाणी ओतलं जातं. पहिल्यांदा आमचं जमत नव्हतं, मोट वर यायची पण सोंड वर तोंड करून तशीच राहायची. सोंदूर दोन बोटं आखूड केला तेव्हा भसकन पाणी पडलं आणि सगळी पोरं ओरडली. धावेला, म्हणजे बैलाच्या चालायच्या वाटेला, उतार का असतो हे पण दाखवा, भरलेली मोट ओढताना बैल उताराने खाली जातो, त्याचं वजन कामाला येतं.

ढाल-तलवार करता येईल का?

येईल. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनहून आणलेली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली तेव्हापासून सगळ्यांना वाघनखंच पाहिजेत, पण तारेची करून देऊ नका, डोळ्याला लागतं. ढाल करा. गोल पुठ्ठा, एक चीर देऊन थोडा फुगीर चिकटवायचा, वर बाटलीची चार झाकणं. ती चार फुलं नुसती शोभेची नसतात, मागच्या मुठीचे पट्टे तिथंच आतनं अडकवलेले असतात, तसंच झाकणाला भोक पाडून नाडी ओवा.

शाळेचा प्रोजेक्ट आहे, पालकांनी किती मदत करावी?

कापायचं तुम्ही, ठरवायचं मुलाने. तट वाकडा झाला तर वाकडा राहू दे. रात्री मूल झोपल्यावर सरळ करू नका, सकाळी त्याला लगेच कळतं.

अवकाळी पाऊस आला तर?

आमचा एकदा धनत्रयोदशीच्या रात्री भिजला. ताडपत्री टाकली होती पण मध्ये खोलगट राहिली, पाणी साठलं आणि सगळा भार दरवाजाच्या बुरुजावर आला. सकाळी मुलं काहीच न बोलता उभी होती, मला त्यांच्याकडं बघवेना. तेव्हापासून ताडपत्रीखाली मध्ये एक उंच काठी उभी करतो म्हणजे उतार राहतो, आणि तटाचे भाग सुटे ठेवतो, आभाळ भरलं की उचलून आत. तो भिजलेला बुरूज मुलांनी गॅलरीत वाळवून भाऊबीजेला परत बसवला होता.

दिवाळी झाल्यावर किल्ल्याचं काय करायचं?

लगेच मोडू नका, तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्या. मग माती चाळून कुंड्यांत, काथ्या पण कुंडीत. दुधाच्या पिशव्या धुऊन भंगारवाल्याकडं. नळे, दरवाजे, लाईटची माळ पुढच्या वर्षीच्या खोक्यात. मावळे एकेक करून जुन्या सॉक्समध्ये गुंडाळा आणि वर नावं लिहा, नाहीतर पुढच्या दिवाळीत भाला घेतलेला मावळा कुणाचा यावरून भांडणं होतात.